छपरावरचा झाडू

जानेवारीच्या चार तारखेला सकाळी ओरेस्त हावरिलुक सर दाढी करत होते, तेव्हा त्यांच्या घरातल्या कमोडने पहिल्यांदा तोंड उघडलं. सरांनी बेसिनमधलं पाणी सोडलं आणि शेजारून 'ग्लुग' असा आवाज आला. सरांनी वळून पाहिलं. कमोड गप्प. सरांनी पुन्हा पाणी सोडलं. 'ग्लुग, ग्लुग.' क्रोवेल गावच्या शाळेत एकतीस वर्षं विज्ञान शिकवलेल्या माणसाला त्याच्याच घरातलं कमोड असं उलट बोलू लागलं, तर त्याने काय करावं हे कुठल्याच पाठ्यपुस्तकात दिलेलं नाही. सरांनी टॉवेलने गाल पुसले आणि हा विषय जुन्या पंचांगाप्रमाणे जानेवारीत येणाऱ्या त्यांच्या नाताळनंतर हाताळायचा असं ठरवलं.

दुपारपर्यंत घरात वास सुटला.

आधी तो न्हाणीघरापाशी होता, मग जिन्यात आला, मग स्वयंपाकघरात हिंडून शेवटी बैठकीच्या खोलीत पाहुण्यासारखा ऐसपैस बसला. नासकी अंडी, ओला कुत्रा आणि आठवडाभर डब्यात राहिलेले मोजे यांच्या मधला कुठला तरी तो वास होता. बाहेर उणे अडतीस. खिडकी उघडायची सोय नाही. उघडली तर ती मार्चमध्येच बंद झाली असती.

सरांच्या बायकोने, स्तेफाने, नाकाला पदर लावावा तसा ॲप्रन लावला आणि सरांकडे पाहिलं. सरांनी तळघराच्या दाराकडे पाहिलं. मग दोघांनीही चटकन नजर दुसरीकडे वळवली, कारण तळघरात पिंप होतं.

पिंप सासूबाईंचं. पारास्काबाई ऑक्टोबरात शेतावरचं घर बंद करून लेकीकडे कायमच्या राहायला आल्या, त्या तीन वस्तू घेऊन: देवाची तसबीर, पिसांची रजई आणि आंबवलेल्या कोबीचं ओकचं पिंप. त्यांचे यजमान मायखाइलो छत्तीस वर्षं या पिंपाला नावं ठेवत आले. 'हे बाहेर जाईल नाहीतर मी जाईन,' असं ते दर हिवाळ्यात म्हणायचे. शेवटी तेच गेले. जाताना एकदा 'चुकलो' म्हणाले असते तर पारास्काबाईंनी सगळं सोडून दिलं असतं, पण ते काही म्हणाले नाहीत आणि पारास्काबाईंनी काही सोडलं नाही. म्हणून त्या राहायला आल्या त्या दिवशीच सरांनी छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, "आई, या घरात तुमच्या कोबीला कुणी नाक मुरडणार नाही." हे बोलताना सरांना स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं.

आता परवा, सहा तारखेला, नाताळची सांज. बारा पदार्थांचं जेवण. त्यात भाताचं सारण भरलेल्या कोबीच्या गुंडाळ्या मुख्य, आणि पानं त्या पिंपातली. अशा वेळी वासाचं नाव कोण काढणार?

सरांनी तोडगा काढला. वास कोबीचा नाही, गॅसचाच आहे, असं गृहीत धरून त्यांनी गॅस कंपनीला फोन लावला. म्हणजे कोबीही सुटली आणि आपणही.

"वास कसा आहे?" पलीकडच्या बाईंनी विचारलं.

"नासक्या अंड्यासारखा."

"घराबाहेर पडा! आत्ता! दिव्याच्या बटणाला हात लावू नका!"

सर आयुष्यभर नियम शिकवत आलेले, त्यामुळे मोडायचा प्रश्नच नव्हता. पाच मिनिटांत सर, स्तेफा आणि रजईत गुंडाळलेल्या पारास्काबाई शेजारच्या कॉर्नी फ्रीसनच्या स्वयंपाकघरात बसले होते आणि दारात अग्निशमनाची गाडी उभी होती. क्रोवेलचं अग्निशमन दल म्हणजे रोज सकाळी दहाला हॉटेलात कॉफी पीत बसणारी तीच सहा माणसं, फक्त हेल्मेट घातलेली. ती सरांच्या घराभोवती तासभर फिरली आणि दुसऱ्या दिवशीच्या कॉफीला पुरेल इतका विषय घेऊन गेली.

गॅसवाला आला तो डॅरिल निघाला. सरांनी त्याला आठवीत दोनदा नापास केलं होतं. डॅरिल यंत्र घेऊन घरभर फिरला, तळघरात उतरला, पिंपापाशी उभा राहून त्याने दीर्घ श्वास घेतला आणि कागदावर सावकाश लिहू लागला. सर मान लांब करून वाचत होते. 'गॅसगळती नाही. वास घरगुती स्वरूपाचा. उगम: तळघरातील खाद्यपदार्थ असावा.' खाली शिक्का.

"डॅरिल, 'असावा' म्हणजे काय? पुरावा?"

"सर, मी नापासवाला. मला 'असावा'च जमतं," डॅरिल म्हणाला आणि गाडीत बसला.

तो कागद फ्रिजवर लावण्याचा मूर्खपणा कुणी केला यावर नंतर बराच वाद झाला. सरांनीच केला होता. सरकारी कागद ते कायम फ्रिजवर लावत. पारास्काबाईंनी चष्मा मागवून तो वाचला.

"मायखाइलो छत्तीस वर्षं बोलला," त्या म्हणाल्या, "पण शिक्का मारून कधी दिलं नव्हतं त्याने."

"आई, तसं नाही हो—"

"राहू दे मास्तर. सण होऊ दे. मग मला त्या म्हाताऱ्यांच्या आश्रमात नेऊन सोड. मला आणि पिंपाला. तिथे सगळ्यांचीच नाकं गेलेली असतात."

स्तेफाने त्या दिवशी सरांना एकच वाक्य ऐकवलं. "आई गेली, तर ती तुझ्या फोनमुळे गेली असं मी सगळ्यांना सांगेन." आणि मग ती भांडी घासायला लागली. ती भांडी आधीच घासलेली होती, यावरून सरांना काय ते समजलं.

पाच तारखेला मायलेकी चर्चमध्ये गाण्याच्या तालमीला गेल्या. सर घरात एकटे उरले आणि त्यांच्यातला विज्ञानाचा शिक्षक जागा झाला. प्रयोगात एका वेळी एकच घटक बदलायचा. वास आहे, पिंप आहे. पिंप हलवलं आणि वास गेला, तर पिंप दोषी. वास राहिला, तर पिंप निर्दोष, आणि तसं आपण छातीठोकपणे सांगू. पारास्काबाईंचे गुडघे जिना उतरू देत नसल्यामुळे त्यांना कळायचंही कारण नव्हतं. सरांनी पिंप एकेक पायरी ओढत वर आणलं, बर्फावरच्या ढकलगाडीवर चढवलं आणि मागच्या अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये नेऊन ठेवलं. मग घरात येऊन कोचावर बसले आणि नाक उघडं ठेवून तासभर वाट पाहिली.

वास वाढला.

म्हणजे कोबी निर्दोष होती. सरांना इतका आनंद झाला की ते टोपी न घालताच शेडकडे धावले. पिंपाला हात लावला तर आतून 'टण्' असा आवाज आला आणि लोखंडी कडं सुटून त्यांच्या पायावर पडलं. तासाभरात कडेचं पाणी गोठलं होतं, फुगलं होतं आणि त्याने एक फळी फोडली होती. पाणी गोठलं की फुगतं हे त्यांनी एकतीस वर्षं, दर वर्षी दोन तुकड्यांना, आकृती काढून शिकवलं होतं. पिंप जमिनीला चिकटलं होतं. ते परत नेणं शक्य नव्हतं. सर तिथेच उभे राहिले आणि आपण नक्की काय सिद्ध केलं याचा विचार करू लागले.

दहा वाजले होते. ते कॉफीला गेले.

तिथे सगळे त्यांची वाटच पाहत होते. "कोबी कशी आहे?" असं एकाने विचारलं आणि बाकीचे पाच जण कपात तोंड घालून हसले. पण कॉर्नी फ्रीसनने विचारलं, "ओरेस्त, पाणी सोडलं की कमोड बोलतं का?"

"बोलतं!" सर जवळजवळ ओरडले.

"मग तुझं घर श्वास घेत नाहीये. छपरावर नळी आहे ना, गटाराची हवा बाहेर सोडणारी? ती गोठली. वरून हवा मिळेना, म्हणून पाणी जाताना खालून ओढ बसते आणि बेसिनखालच्या वाकड्या नळीत जे पाणी थांबलेलं असतं, तेही जातं. ते पाणीच वास अडवतं. ते गेलं, की गटार आणि तुझं नाक यांच्यामध्ये काही उरत नाही."

"ओली, उबदार हवा थंड नळीच्या तोंडाशी आली की तिचं दव होतं आणि दवाचं बर्फ," कोपऱ्यातून आवाज आला. तो डॅरिल होता. "दुसऱ्या खेपेला पाठ झालं होतं, सर."

यावर सरांनी कॉफी अर्धी ठेवली.

मग सल्ले सुरू झाले. एकाचं म्हणणं, उकळतं पाणी ओत. दुसऱ्याचं म्हणणं, उकळतं पाणी लगेच गोठून आणखी घट्ट बसतं, मीठ टाक. तिसऱ्याने सांगितलं, तांब्याची तार सोडायची, त्याच्या मेहुण्याने सोडली होती. मेहुण्याचं पुढे काय झालं ते विचारल्यावर कळलं की तो आता उबदार प्रांतात राहायला गेला आहे. चौथा म्हणाला, प्लंबरला बोलाव. यावर मात्र सगळेच हसले. क्रोवेलचा एकुलता एक प्लंबर दर वर्षी एक जानेवारीला ॲरिझोनाला जातो आणि नळ्या वितळल्या की परत येतो.

सर नगर कार्यालयात गेले. तिथे लॉर्ना नावाच्या बाई अठ्ठावीस वर्षं एकाच खुर्चीवर आहेत. त्यांनी एक नकाशा उलगडला.

"सर, गटाराची नळी रस्त्यापासून तुमच्या भिंतीपर्यंत आमची. भिंतीच्या आत तुमची."

"आणि छपराच्या वर?"

लॉर्नाबाईंनी नकाशा उलटा करून पाहिला. "छपराच्या वर आमच्याकडे काही दाखवलेलं नाही. तिथे बहुधा केंद्र सरकार असेल."

"मग मी काय करू?"

"अर्ज करा. फक्त शिडी लावताना फुटपाथला टेकवू नका. फुटपाथ आमचा आहे."

सरांनी शिडी फुटपाथला टेकवली नाही. अंगणात लावली, लांब दांड्याचा झाडू घेतला आणि छपरावर चढले. नळीच्या तोंडावर बर्फाची पांढरी टोपी बसली होती आणि मधोमध बटणाएवढं भोक. सरांनी त्यात झाडूचा दांडा खुपसला. दांडा मस्त आत गेला. मग तो बाहेर येईना. सरांनी ओढला, पिळला, त्याला शिव्या दिल्या, त्याही शिक्षकी पेशाला शोभतील अशा. दोन मिनिटांत दांडा नळीचाच भाग झाला. गारठ्याने बोटं बधिर झाल्यावर सर खाली उतरले आणि हावरिलुकांच्या छपरावर केस वर करून झाडू उभा राहिला.

संध्याकाळपर्यंत तो गावाने पाहिला होता. रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्या हळू व्हायच्या. लॉर्नाबाईंनी मुद्दाम फोन केला. "सर, तो झाडू तुमच्या नाताळचा काही प्रकार आहे का? गावाच्या पत्रकात दोन ओळी टाकते."

सर थकले होते. "हो," ते म्हणाले. "जुना प्रकार आहे."

सहा तारखेला सकाळी पारास्काबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "मास्तर, पिंपातून पानं आण. मोठी आण, वीसेक."

सर तळघराच्या जिन्याने खाली गेले, म्हणजे तसा आवाज केला. मग मागच्या दाराने शेडमध्ये गेले. तिथे त्यांनी कुऱ्हाडीने कोबी फोडली. एकतीस वर्षांत त्यांच्या हातून याहून लाजिरवाणं काम झालं नव्हतं. परातभर पानं घेऊन ते आत आले तेव्हा पानांवर बर्फ चमकत होतं.

पारास्काबाईंनी एक पान उचललं. बोटांत धरलं. ते काचेसारखं कडक होतं.

"तळघर गार झालंय," सर म्हणाले.

"हं," पारास्काबाई म्हणाल्या आणि पानं कोमट पाण्यात टाकली. एवढंच. त्या ओरडल्या असत्या तर सरांना बरं वाटलं असतं. त्यांनी दिवसभर वीस गुंडाळ्या केल्या आणि मधेच रजईची घडी घालून ती दाराजवळ नेऊन ठेवली. सरांनी ती पाहिली.

चार वाजले. टेबलावर रिवाजाप्रमाणे चादरीखाली गवत पसरलं होतं, मधोमध पाव आणि मेणबत्ती, आणि त्या रात्री घरी येणाऱ्या गेलेल्या माणसांसाठी एक रिकामी खुर्ची, ताट मांडलेली. सगळं जिथल्या तिथे. फक्त वास असा होता की गेलेली माणसं दारातूनच परत फिरली असती.

सरांनी किटली भरली. कॉर्नी फ्रीसनने शिडी धरली. त्याचा नाताळ तेरा दिवसांपूर्वीच आटोपला होता, त्यामुळे त्याला वेळच वेळ होता.

"मीठ टाकलंस पाण्यात?"

"टाकलं."

"फार टाकू नकोस."

"किती म्हणजे फार?"

"ते मला नाही माहीत," कॉर्नी म्हणाला. "मी कधी वर गेलो नाही."

सर छपरावर पोचले तेव्हा सूर्य टेकला होता. त्यांनी झाडूच्या कडेने थोडं थोडं पाणी सोडलं. वाफ उठली आणि चष्म्यावर बसून गोठली. आता समोर झाडू होता की धुराडं तेही कळेना. सरांनी चाचपून झाडू धरला आणि सगळं बळ लावून ओढला. काही झालं नाही. पुन्हा पाणी, पुन्हा ओढ. तिसऱ्या खेपेला झाडू अचानक सुटला आणि सर त्याला कवटाळून बर्फात बसले. नळीतून बर्फाचे तुकडे खडखडत खाली गेले आणि दोन दिवस कोंडलेली घराची हवा सरांच्या तोंडावर आली.

"मेलास का?" खालून कॉर्नी.

"नाही."

"मग मी कॉफी पिऊन येतो."

सर तिथेच बसले. नळीतून ऊब येत होती. तो वास असला तरी ती ऊब होती, म्हणून ते नळीला टेकून तोंड जवळ नेऊन बसले. आणि कुणी ऐकत नाही अशा जागी माणूस जे बोलतो ते बोलू लागले.

"कोबीचा काही दोष नव्हता," ते नळीला म्हणाले. "कधीच नव्हता. माझं नाकच मूर्ख. म्हातारीने आयुष्य घालून ती कोबी आंबवली आणि आपण काय केलं? पिंप काढून टाकलं. लाज वाटायला हवी. वाटते. पण सांगायचं कोणत्या तोंडाने? चुकलो. चुकलो, बाई, चुकलो. हे तोंडावर म्हणता आलं असतं तर... आणि हा चष्माही गोठला, काही म्हणजे काही दिसत नाही."

त्यांनी चष्मा काढला, हातमोज्याने घासला आणि डोळ्यांवर चढवला. पूर्वेला, गव्हाच्या कोठारांच्या वर, पहिला तारा लागला होता. तारा दिसल्याशिवाय जेवण सुरू होत नाही. सर उभे राहिले आणि घरभर ऐकू जाईल असे ओरडले, "तारा! तारा!"

घरभर आधीच बरंच काही ऐकू गेलं होतं.

सर आत आले तेव्हा पारास्काबाई न्हाणीघराच्या दारात स्टुलावर बसल्या होत्या. हात भाताने माखलेले, डोळे ओले. स्तेफा बाजूला उभी होती आणि छातीवर क्रूस काढत होती.

"मायखाइलो बोलला," पारास्काबाई म्हणाल्या. "मी हात धुवायला आले, नळ अजून सोडलाही नव्हता. बेसिनमधून बोलला. 'कोबीचा दोष नव्हता,' म्हणाला. 'चुकलो,' म्हणाला. तीनदा."

सरांनी बेसिनकडे पाहिलं. बेसिनखालच्या नळीत पाणी नव्हतं. छपरापासून इथपर्यंत मध्ये काहीच नव्हतं. आता काय करायचं? खरं सांगितलं तर छत्तीस वर्षांनी मिळालेली माफी पारास्काबाईंच्या हातून काढून घ्यायची. नाही सांगितलं तर मेलेल्या माणसाच्या नावावर आपली माफी खपवायची. स्तेफा त्यांच्याकडे अशी बघत होती की तिला सगळं कळलं असावं, किंवा काहीच कळलं नसावं. सरांना दोन्हींतला फरक लग्नाच्या पहिल्या दिवसापासून ओळखता आला नव्हता.

"जेवायला बसा," पारास्काबाई उठल्या. "तारा लागलाय ना?"

सगळे बसले. बसण्याआधी प्रत्येकाने आपल्या खुर्चीवर फुंकर मारली, म्हणजे तिथे आधीच कुणी येऊन बसलेलं असेल तर चुकून त्याच्यावर बसायला नको. त्या रात्री वाटसरूला उपाशी पाठवायचं नसतं, म्हणून कॉर्नी फ्रीसनला आत ओढलं होतं. त्याने दोनदा फुंकर मारली. वास विरत चालला होता. कमोड गप्प होतं.

पारास्काबाई उभ्या राहून रिकाम्या ताटात वाढू लागल्या. मध घातलेले गहू वाढले, मासा वाढला, अळंबी वाढली, बिटाचं सार ओतलं. कोबीच्या गुंडाळ्या आल्या तेव्हा मात्र पळी हवेतच थांबली.

"बाबांना नाही वाढत?" स्तेफाने विचारलं.

"मायखाइलोला? छत्तीस वर्षं शिवला नाही." पारास्काबाईंनी चार गुंडाळ्या सरांच्या ताटात घातल्या. मग आणखी दोन. "गोठलेली पानं मऊ पडतात, मास्तर. गुंडाळताना एक फाटलं नाही. दर वर्षी शेडमध्येच ठेवावी म्हणते. फक्त पिंपाला नवी फळी लागेल."

सर घास हातात धरून बसून राहिले.

"आणि मायखाइलो जन्मात कधी चष्मा लावायचा नाही," त्या म्हणाल्या.

कॉर्नी फ्रीसनने सार तोंडाशी नेलं आणि तसंच धरून ठेवलं.

सर उभे राहिले. हातातली गुंडाळी ताटात ठेवावी हे त्यांना सुचलं नाही. "आई," ते म्हणाले, "माझं चुकलं. कोबीचा दोष नव्हता. तुम्ही कुठे जाऊ नका."

पारास्काबाई रिकाम्या खुर्चीकडे वळल्या, तिच्या पाठीवर हात ठेवला आणि शाळेतल्या सगळ्यात मठ्ठ पोराला समजवावं तशा शांतपणे म्हणाल्या, "ऐकलंस, मायखाइलो? असं म्हणायचं असतं."

मग त्यांनी स्तेफाला दाराजवळची रजई परत पलंगावर टाकायला सांगितली.